गाडीखाली मी जाते, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, या खेपेला गाडीचं इंजिन ऑइल घरीच बदलू. मी तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, कारण दोन वाक्यांत सांगून संपेल असं ते नव्हतं. आई, हे पत्र जेवढं बाबांना आहे तेवढंच तुलाही आहे. यातलं एक महत्त्वाचं काम तुझ्याकडे सोपवायचं आहे.

आधी माझं मत सांगते, कारणं मागाहून. ऑइल घरीच बदलूया. काम चांगलं आहे, समजून केलं तर अवघडही नाही, आणि आपल्या इंजिनात नेमकं काय पडलं हे आपल्या डोळ्यांनी दिसतं. पण बाबा, गाडीखाली तुम्ही जायचं नाही. खाली मी जाईन. ऑइल निवडणं, मोजून ओतणं, ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (डिपस्टिक) वाचणं, जुनं ऑइल बघून इंजिनाची तब्येत ओळखणं हे तुमचं.

वय हे यामागचं एक कारण आहेच, ते लपवत नाही. उताणं पडून, मान वर धरून, ओशट हातांनी पाना फिरवायचा आणि काही निसटलं तर झटक्यात बाजूला व्हायचं, हे तुमच्या गुडघ्यांनी आणि मानेनं करू नये असं मला मनापासून वाटतं. पण दुसरं कारण तिशीतल्या माणसालाही लागू आहे, ते म्हणजे जॅक. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याचा तळ अरुंद, गाडी जराशी हलली तरी तो कलंडतो. हायड्रॉलिक जॅक दिसायला भक्कम, पण आतलं सील गळायला लागलं की गाडी खाली बसू लागते, आणि ती कधी बसेल हे कळत नाही. जॅकनं गाडी फक्त उचलायची. ती तोलून धरायला जॅक स्टँडच हवेत, तेही गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावलेले. जमीन सपाट आणि टणक, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले. एवढं झालं की खाली जाण्याआधी गाडीला हातानं जोरात हलवून बघायचं. विटा किंवा दगड रचून त्यांवर गाडी टेकवायची पद्धत कितीही जुनी असली तरी आपण ती वापरायची नाही. वीट वजनाखाली अचानक फुटते.

बाबा, तुमचं एक म्हणणं मला खोडून काढायचं आहे. तुम्ही म्हणता, गाडी हल्ली चालतेच किती, मग एवढ्यात ऑइल कशाला बदलायचं? खरं तर कमी चालते म्हणूनच वेळेवर बदलायचं. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली, जिथे ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन थंड असलं की ती तिथे निवते आणि ऑइलमध्ये मिसळते. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, आणि त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून तसंच खाली झिरपतं. गाडी बराच वेळ सलग पळाली तर ऑइल एवढं तापतं की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. तुमची गाडी मात्र जवळच जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद होते. टेंपरेचरचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापलं असं समजू नका. तो काटा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, म्हणजे कूलंटचा असतो, आणि ऑइल त्याच्या बरंच मागाहून तापतं. मग वाफेचं झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतात, ऑइल पातळ होतं, आम्लं तयार होतात, आणि ती मारायला ऑइलमध्ये घातलेली रसायनं हळूहळू संपतात. म्हणून तर पुस्तिकेत किलोमीटरच्या शेजारी महिनेही लिहिलेले असतात आणि पुढे ‘जे आधी होईल ते’ असं म्हटलेलं असतं. अनेक छोट्या गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत असते. नुसत्या जवळच्या फेऱ्या होत असतील तर त्याहून लवकर बदला, असंही बऱ्याच पुस्तिका सांगतात. तुमची गाडी या दुसऱ्या प्रकारात बसते. आठवड्यातून एकदा दोघं मिळून तिला जरा लांब फिरवून आणलीत तर ऑइलला आणि बॅटरीला, दोघांना बरं.

आता ऑइल कुठलं? इथे तुमचा आणि माझा वाद होणार हे मला माहीत आहे. तुमच्या जुन्या गाड्यांत २०डब्ल्यू-५० सारखं दाट ऑइल चालायचं, आणि दाट ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण, हे तुमच्या मनात पक्कं आहे. त्या इंजिनांसाठी ते बरोबरच होतं. आत्ताच्या छोट्या इंजिनांत बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइलच्या वाटा बारीक असतात. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणाही ऑइलच्याच दाबावर चालते. इंजिनाची बरीचशी झीज सकाळी गाडी सुरू करताना होते, ऑइल वरच्या भागापर्यंत पोचायच्या आधी, आणि दाट ऑइल तिथे उशिरा पोचतं. ५डब्ल्यू-३० यातला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं बरं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. आपल्या गाडीला ०डब्ल्यू-२० लागतं की ५डब्ल्यू-३०, हे ठरवायचा हक्क पुस्तिकेचा. तुमचाही नाही आणि माझाही नाही! डब्यावर एपीआयची, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची, दोन अक्षरंही बघा. पेट्रोल गाड्यांसाठी एसएन हा दर्जा २०१० साली आला आणि एसपी २०२० साली. पुस्तिकेत एसएन लिहिलं असेल तर एसपी बिनधास्त चालतं, उलटं मात्र करू नका. आणि गाडीची वॉरंटी चालू असेल तर ऑइलच्या आणि फिल्टरच्या पावत्या आईच्या फायलीत जाऊ द्या.

ऑइल किती लागतं हेही पुस्तिकेतच असतं, बहुतेक छोट्या गाड्यांना तीन ते चार लिटर. काही पुस्तिकांत दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. आपण दरवेळी फिल्टर बदलणार, म्हणून मोठा आकडा धरायचा.

खाली मी काय करणार आहे तेही लिहिते, म्हणजे तुम्ही वर उभे राहून मला टोकू शकाल. आणि तुम्ही टोकावंच असं मला वाटतं. इंजिन आधी काही मिनिटं चालवायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर येतं. पण लांबून आलेली गाडी लगेच खोलायची नाही. ते ऑइल हात भाजण्याइतकं गरम असतं. ऑइल ओतायची वरची टोपी तुम्ही सैल करून ठेवा, धार नीट येते. ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा खालचा बोल्ट, सोडण्याआधी तो इंजिनाच्याच चेंबरचा आहे ना, हे मी चित्राशी ताडून बघणार. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा बोल्ट जवळच आणि तसाच दिसणारा असतो, आणि तो उघडला तर गिअरचं ऑइल जाऊन इंजिनाचं आत तसंच राहतं. बोल्ट पान्यानं सैल केल्यावर पुढे हातानंच फिरवायचा, वर दाबून धरत, म्हणजे शेवटचा आटा सुटेपर्यंत ऑइल अंगावर येत नाही. धार आधी लांब पडते आणि मग जवळ येत जाते, म्हणून भांडं रुंद तोंडाचं हवं आणि ते सरकवत राहायला हवं. मग धारेचे थेंब होईपर्यंत थांबायचं. इथे घाई करणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. पाव तास जास्त थांबलं तर जुन्या ऑइलचा गाळच कमी राहतो.

बोल्टखालचा वॉशर दरवेळी नवा. तो मऊ धातूचा असतो आणि आवळताना दबून फट बुजवतो. एकदा दबलेला पुन्हा तितका दबत नाही. बोल्ट सुरुवातीला हातानंच बसवायचा. चेंबर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो, बोल्ट तिरका चढवला किंवा ताकद लावून आवळला तर आटे जातात आणि मग अख्खा चेंबर बदलायची पाळी येते. म्हणून मी टॉर्कचा, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा, पाना आणणार आहे. पुस्तिकेत जेवढा टॉर्क दिला असेल तेवढाच लावायचा.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का, हे बघायचंच. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला, तर इंजिन सुरू होताच दाबानं तिथून ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगेला बोटानं थोडं नवं ऑइल लावायचं, फिल्टर हातानं फिरवत टेकवायचा आणि टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. नेमकं किती ते फिल्टरवरच छापलेलं असतं. त्याला पाना लावायचा नाही.

मग तुमची पाळी. नरसाळ्यानं ओतताना मापापेक्षा अर्धा लिटर हातचं राखून ओता, थोडं थांबा, पट्टी बघा, मग उरलेलं थोडं थोडं घाला. ऑइल जास्त झालेलंही वाईटच. क्रँकशाफ्ट त्यात बुडून ते घुसळते, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला नीट तोलत नाही. टोपी लावून इंजिन सुरू करायचं, रेस द्यायची नाही. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तो विझला नाही तर तिथेच बंद करायचं. मी खालून बोल्ट आणि फिल्टर न्याहाळीन. मग इंजिन बंद करून, गाडी जॅकवरून उतरवून, थोड्या वेळानं सपाट जागेवर पुन्हा पट्टी बघायची. फिल्टरमध्ये ऑइल भरल्यानं पातळी जरा उतरलेली असते.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी, बाबा. पट्टीच्या नळीतून वरूनच ऑइल ओढून घेणारा पंप मिळतो. गाडी उचलायची गरजच पडत नाही. सगळ्या इंजिनांत तो तळापर्यंत पोचत नाही आणि फिल्टर खालून असेल तर त्यासाठी वाकावंच लागतं, पण फिल्टर वरून काढता येतो अशी इंजिनंही आहेत. आपलं तसं असेल तर मी नसतानाही हे काम तुम्ही उभ्या उभ्या करू शकाल. मी आले की ते आधी बघते.

जुनं काढलेलं ऑइल काळं दिसलं तर काळजी करू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. चिंता वेगळ्या गोष्टींची. दुधाळ असेल तर पाणी किंवा कूलंट शिरलंय. नुसत्या टोपीखाली पांढुरकी साय दिसली तर ती बहुधा जवळच्या फेऱ्यांचीच, पण पट्टीवरही तशीच दिसली तर गाडी चालवायची नाही. धातूचा चमकणारा कीस दिसला किंवा पेट्रोलचा उग्र वास आला तर मेकॅनिकला दाखवायचं. हातमोजे मात्र दोघांनीही घालायचे. वापरलेल्या ऑइलशी त्वचेचा वारंवार संबंध येणं घातक असतं, त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. तुम्ही पूर्वी हात तसेच रॉकेलनं पुसायचात, ते आता नको.

ते ऑइल गटारात, मातीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, कुणी वाळवीवर उपाय म्हणून मागितलं तरी द्यायचं नाही. झाकणाच्या डब्यात भरायचं, त्यात कूलंट, पेट्रोल काहीही मिसळायचं नाही, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे पोचवायचं. शुद्ध करून त्याचं पुन्हा चांगलं ऑइल होतं. फिल्टर उलटा ठेवून निथळू द्यायचा आणि तोही त्यांनाच द्यायचा.

आई, आता तुझं काम. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, पट्टी काढ, फडक्यानं पूस, पूर्ण आत घाल, पुन्हा काढ आणि बघ. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर मला फोन कर. न घालता वर चढलं तर त्याहून लवकर कर, कारण मग त्यात पेट्रोल किंवा पाणी मिसळतंय. तारीख, किलोमीटर आणि पातळी तुझ्या वहीत लिही. बाबांना सगळं आठवतं, पण तुझ्या वहीवर माझा जास्त विश्वास आहे. आणि गाडीत शेजारी बसलेली असताना तो ऑइलच्या झारीचा लाल दिवा लागला, तर ‘घरापर्यंत जाऊ’ असं बाबांना म्हणू देऊ नकोस. बाजूला घ्यायला लाव, इंजिन बंद करायला लाव. दाबाशिवाय इंजिन काही मिनिटांत कायमचं बिघडू शकतं.

बाबा, पुस्तिकेच्या शेवटी ऑइलचा ग्रेड, लिटर आणि बोल्टचा टॉर्क दिलेली पानं असतील, त्यांचे फोटो मला पाठवा. बॉनेट उघडून वरून एक फोटो इंजिनाचाही काढा, फिल्टर कुठे आहे ते मला बघू दे. आई, पट्टीचा पहिला फोटो तू उद्याच पाठव. ते आले की सामान मी घेते आणि येण्याचा दिवस कळवते. तोवर गाडीला जॅक लावू नका.

तुमची,
लेक