समुद्रातली गळती मोजायची कोणी?

संपादक साहेब, नमस्कार.

मी सोलापुरात 22 वर्षं नळ-पाईप फिटिंगचं काम करतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, मग हा माणूस तेलगळतीवर कशाला पत्र लिहितोय असं वाटेल, पण लिहायलाच पाहिजे असं वाटलं म्हणून लिहितोय.

मागच्या ऑगस्टमध्ये अलिबागजवळ किहीमला गेलो होतो. वाळूत घट्ट झालेल्या तेलाचे सुपारीएवढे काळे गोळे पडलेले, बायकोचा पाय पडला आणि तळव्याला डांबर चिकटलं ते साबणाने काही जाईना, शेवटी शेजारच्या मावशींनी खोबरेल दिलं आणि म्हणाल्या दर पावसाळ्यात येतंय हे. कुठनं येतं विचारलं तर कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून ह्या विषयावर मिळेल ते वाचतोय.

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मेक्सिकोच्या आखातात सप्टेंबर 2004 मध्ये इव्हान चक्रीवादळ आलं, समुद्रतळाचा चिखल घसरला आणि टेलर एनर्जी कंपनीचा तेल काढायचा प्लॅटफॉर्म आडवा झाला, खालच्या विहिरी चिखलात गाडल्या गेल्या. त्यातून वर्षानुवर्षं तेल येत राहिलं. 2010 मध्ये जवळच बीपी ह्या तेल कंपनीच्या विहिरीचा मोठा अपघात झाला, त्याचे सॅटेलाईट फोटो बघताना हा दुसराच तवंग दिसला तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली! कंपनी म्हणायची दिवसाला दोन-चार गॅलन (एक गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर), ते पण चिखलात मुरलेलं जुनं तेल आहे. 2019 मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी कॅमेरा आणि सोनार (आवाजाच्या लहरींनी मोजणारं यंत्र) तळाशी सोडून मोजलं तर रोज 9 ते 108 बॅरल निघालं, आणि एक बॅरल म्हणजे 159 लिटर. त्याच वर्षी तळावर मोठं झाकण बसवून तेल गोळा करायला लागले तर रोज साधारण 1,000 गॅलन हाताला लागलं. पंधरा वर्षं गेली यात साहेब.

माझ्या धंद्यात पहिला धडाच हा, की भिंतीवरच्या ओलीवरनं गळती मोजायची नाही. ओल दिसते एकीकडे, पाईप जोडणारा सॉकेट फुटलेला असतो दुसरीकडे. खरं कळायचं असेल तर फुटल्या जागी बादली लावा आणि घड्याळ बघा. समुद्रात तर तवंग केसाहून पातळ, वारा-लाटांनी विस्कटतो, काही तेल उडून जातं, त्यामुळे वरनं बघून काढलेला आकडा कमीच येणार. आणि ज्याच्या खिशातनं पैसे जाणार त्यालाच आकडा काढायला सांगितला तर काय होणार ते वेगळं सांगायला नको. त्या कंपनीने शेवटी 2021 मध्ये त्या विहिरींच्या बंदोबस्तासाठी ठेवलेले 43 कोटी 20 लाख डॉलर सरकारला सोडले, वर 4 कोटी 30 लाख भरायचं कबूल केलं.

आपल्याकडे मुंबई हाय ह्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात 1976 पासून तेल काढतोय, शिवाय एवढी जहाजं येतात-जातात. किनाऱ्यावरच्या गोळ्यांचं तेल कुठल्या विहिरीचं की जहाजाच्या टाकीचं हे लॅबमध्ये ओळखता येतं, कारण प्रत्येक तेलाची रासायनिक खूण वेगळी असते, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत असं काम चालतंसुद्धा. मग दर पावसाळ्यात कुठल्या बीचवरचे नमुने घेतले, तेल कोणाचं निघालं आणि गळती सापडली असेल तर ती कंपनीने मोजली की बाहेरच्या माणसाने, एवढं तारखेसकट लोकांसमोर यायला पाहिजे. तुमच्या मुंबईच्या वार्ताहराला हे विचारायला लावा ही विनंती, उत्तर छापून आलं की कात्रण मी किहीमच्या त्या मावशींना पोस्टाने पाठवणार आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर