हिंगणा रोडच्या काकाजींना उघडं पत्र

तीर्थरूप काकाजींना,
सा. न. वि. वि.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "हो हो, चहा घे" म्हणता आणि लेथ सुरू करता. मग पुढचं कोणाला ऐकू येणार? शिवाय नागपुरात रिमोटच्या गाड्या स्वतः बनवायची हौस असलेली पोरं-पोरी बऱ्याच आहेत. कोणती मोटार, कोणती बॅटरी, हे त्यांना व्हिडिओ बघून कळतं. तुम्ही जे विचारलंत ते मात्र मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं.

वाचणाऱ्यांसाठी आधीचं थोडं सांगते. मला १/१० मापाची इलेक्ट्रिक ऑफ-रोड बग्गी करायची होती. मोटार, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटार), रिसीव्हर, शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकं विकतची. पण चॅसीची प्लेट (गाडीचा तळ), पुढचा-मागचा बल्कहेड (प्लेटवर बसणारा, आर्म धरणारा ठोकळा) आणि सस्पेन्शनचे आर्म (चाकांना धरणारे हात) आपल्या डिझाइनचे. ऑफिसात दिवसभर घरांचे नकाशे काढते, त्यामुळे कॅडमध्ये प्लेट काढायला फार वेळ लागला नाही. करून द्यायला कोणी तयार होईना. बाहेरगावच्या एका सीएनसीवाल्यांनी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने भाग कापून देणाऱ्यांनी) फोनवरच सांगितलं, पन्नास नगांखाली मशीन लावत नाही. त्यांचंही बरोबर असेल, सेटिंगचा वेळ एका नगात कसा वसूल करणार. पण मला हवा होता एकच नग.

मग एमआयडीसीतल्या ओळखीतून तुमचं नाव कळलं आणि मी प्रिंटआउट घेऊन तुमच्या शेडमध्ये आले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ड्रॉइंग उलटसुलट पाहिलं. माप विचारलं नाही, मटेरियल विचारलं नाही. विचारलं काय, तर, "हे धडकनार किती जोरात?"

मी म्हटलं, धडकू नये अशीच चालवणार.

"घर जागेवर बसून राह्यते बाई. हे पळनार हाय. धडकनच. मंग कुठी तुटाले पाह्यजे, थे आधी ठरव."

सांगायचं आहे ते एवढंच. बाकी पत्र म्हणजे त्या वाक्याचा हिशेब.

तो हिशेब तुम्ही टूल ठेवायच्या पत्र्याच्या कपाटावर खडूने मांडलात. मोटार ३३०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे; बॅटरी दोन सेलची, म्हणजे ७.४ व्होल्ट. बिनभाराची मोटार मिनिटाला साधारण साडेचोवीस हजार फेरे घेणार. पिनियनपासून (मोटारीवरच्या छोट्या दातेरी चाकापासून) गाडीच्या चाकापर्यंतचं एकूण गुणोत्तर नऊ धरलं, चाकाचा व्यास ८५ मिलिमीटर, तर वेग ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास. जमिनीवर भार आल्यावर कमी होईल, म्हणून आपण ३६ धरले. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. मग एवढा वेग यायला किती उंचीवरून पडावं लागेल, ते काढलंत: "दहाचा वर्ग, भागिले वीस. पाच मीटर." म्हणजे दीड किलोची ही गाडी पूर्ण वेगात एखाद्या खांबाला समोरून लागली, तर ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्याही वरून नाकावर पडल्यासारखं होणार. तो आकडा बघून मी माझं ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं आणि आपण पुढचं टोक पहिल्यापासून काढायला घेतलं.

तुमचा क्रम असा होता: जे स्वस्त आणि पाच मिनिटांत बदलता येतं, ते पहिल्यांदा जाऊ दे. पहिला नंबर नायलॉनच्या आर्मचा. तो तुटायच्या आधी लवतो, थोडा धक्का तिथेच जिरतो. त्याच्यामागे आर्मची ३ मिलिमीटरची स्टील पिन, ती वाकेल. मग बल्कहेड. प्लेट सगळ्यात शेवटी, कारण प्लेट वाकली की मोटार, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांची एकमेकांशी असलेली सगळी मापं बिघडतात. मी आर्म ॲल्युमिनियमचे करणार होते, मजबूत म्हणून. तुम्ही मान हलवलीत. आर्म तुटणार नाही, पण मग धक्का पुढे जाऊन बल्कहेडचे स्क्रू उपटेल. शेवटी आर्म नायलॉनचाच ठेवला, आणि बाहेरच्या भोकाच्या अलीकडे त्याची रुंदी मुद्दाम कमी केली. सर्व्हो सेव्हर मी आधीच धरला होता, म्हणजे चाकाला हिसका बसला तर स्प्रिंग दबते आणि सर्व्होचे दात वाचतात. तो पाहून तुम्ही म्हणालात, "हे तं तुले मालूमच हाय. तेच अख्ख्या गाडीले लाव न."

दुसरी गोष्ट पुढच्या चढाची. बग्गीचं नाक थोडं वर उचललेलं असतं, खड्ड्यातून, उंचवट्यावरून चाक मागे-वर जाऊ शकावं म्हणून. माझ्या मोबाइलमध्ये टीम असोसिएटेड या कंपनीच्या आरसी-टेन या रिमोटच्या गाडीचा फोटो होता. १९८४ सालची ती बग्गी, सोनेरी ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या टबची. मला तसंच हवं होतं, पत्रा मुडपलेला. आणि मटेरियल लिहिलं होतं ७०७५-टी६ (ॲल्युमिनियमचा एक कडक मिश्रधातू), कारण सगळे तेच वापरतात. तुम्ही एक तुकडा व्हाइसमध्ये धरून दाखवलात. ताकद भरपूर, पण कमी त्रिज्येत वाकवला की बाहेरच्या अंगाला तडा. मग मी विचारलं, तापवून वाकवला तर? तुम्ही कपडे धुवायचा साबण आणवलात, दुसऱ्या तुकड्यावर घासलात आणि गॅसची ज्योत फिरवलीत. साबण तपकिरी झाला, मग काळा पडला, म्हणजे धातू पुरेसा तापला; ज्योत बंद. थंड झाल्यावर तुकडा जवळजवळ हातानेच वाकला. मी खूश. तुम्ही म्हणालात, आता हाच तुकडा सरळ करून दाखवतो. तोही तितक्याच सहज झाला. टेंपर, म्हणजे कडकपणा, गेलेला धातू गाडीखाली लावून काय करणार?

म्हणून आपली प्लेट सपाटच राहिली, ३ मिलिमीटर जाडीची. चढ दिला तो बल्कहेडचा ठोकळा तळाशी तिरका मिलिंग करून. ठोकळा एचई-३० या ॲल्युमिनियमचा, इतवारीतल्या लोहा ओळीतून तुम्हीच आणवलेला. दिसायला आरसी-टेनसारखं नाही. पण उद्या कोन बदलायचा झाला तर फक्त ठोकळा नवा करायचा, प्लेटला हात लावायचा नाही.

वजन कमी करायला मी प्लेटमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं काढली होती. छान दिसत होती, खरंच. तुम्ही म्हणालात, पावसाळ्यात आपली काळी माती त्यात भरली की वाचवलेलं बरंचसं वजन परत येईल, आणि ती माती निघायची नाही. भोकं गेली. खालून प्लेट गुळगुळीत, स्क्रू सगळे काउंटरसंक, म्हणजे डोकं प्लेटमध्ये बुडणारे, आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या केसभर आत. मुरमावर घासून ॲलन कीचं भोक एकदा झिजलं की स्क्रू उघडत नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नसतं.

शेजारच्या शेडमधल्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) प्लेट कशी धरायची याचा घोळ होता. एवढी पातळ प्लेट, कडेने कटर फिरणार, तर क्लॅम्प लावायचे कुठे? तुम्ही त्या ऑपरेटरला आधी फक्त भोकं मारायला लावलीत. मग त्याच भोकांतून एम-३ चे स्क्रू घालून प्लेट एका जाड भंगार पट्टीवर बसवली आणि बाहेरचा आकार सलग कापून घेतला. कड कुठेही खरखरीत नाही, थरथर नाही. तरी तुम्ही कडेवरून अंगठा फिरवलात आणि दोन ठिकाणी बारीक कानस मारलीतच.

उन्हाचं तुम्हाला सांगायची गरज नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, आणि पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला भाग ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. बंद कारच्या डिकीत तो दुपारभर ठेवला की संपलं. म्हणून पीएलए फक्त जुळणी तपासायला वापरलं, गाडीवर लागले ते भाग जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजीचे. गाडीची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीही ६० च्या वर नेऊ नये म्हणतात. ती प्लेटला चिकटून न ठेवता खाली नायलॉनच्या दोन पट्ट्या देऊन हवा खेळती ठेवायची कल्पना तुमची. उन्हाळ्यात आम्ही गाडी सकाळी आठच्या आत चालवतो, हा मात्र माझा नियम.

आणि पिनियन आणि स्पर (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक) यांच्यामध्ये फट ठेवायला वर्तमानपत्राची पट्टी! दातांमध्ये कागद घालायचा, मोटार दाबून स्क्रू कसायचे, कागद ओढून काढायचा. जगभर आरसीवाले, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या गाड्यांची हौस असलेले, हेच करतात. तुम्ही आयुष्यात आरसी गाडी पाहिली नव्हती, तरी कागद मी सांगायच्या आधीच फाडलात.

आता मुद्द्याचं. परवा बेसा-पिपळ्याकडच्या एका ले-आउटमध्ये गाडी प्लॉटच्या सिमेंटच्या खांबाला लागली. समोरून, चांगल्या वेगात. पुढचा डावा आर्म तुटला, आणि तुटला तो आपण रुंदी कमी केली होती तिथेच, जणू कोणी रेघ मारून दिली होती. पिनला किंचित बाक. बल्कहेडचे स्क्रू जागच्या जागी. घरी येऊन प्लेट मोकळी केली आणि ड्रेसिंग टेबलच्या आरशावर ठेवून कडेने टॉर्च मारला. खालून उजेडाची रेघ कुठेही दिसली नाही, म्हणजे प्लेट वाकली नव्हती. आर्म तर मी तिथेच बाइकच्या सीटवर बसून बदलला होता, तुम्ही जास्तीचे कापून दिले होते त्यातला. माझ्याबरोबरच्या पोरांना वाटलं, गाडी आता महिनाभर बंद. त्यांचे चेहरे तुम्ही बघायला हवे होते.

तुम्ही मटेरियलचे पैसे घेतलेत, मजुरीचे नाही. विचारलं तेव्हा म्हणालात, रिटायर झाल्यावर कोणी नवीन काही विचारायला येत नाही. हे मला पटलेलं नाही. मजुरी घ्या. कारण त्या पोरांपैकी दोघं आपापली ड्रॉइंगं घेऊन तुमच्याकडे यायचं म्हणताहेत, आणि फुकट असलं तर त्यांच्या मागे आणखी दहा येतील. येताना धडकेचा हिशेब करून या, असं मी त्यांना बजावलंय.

मागच्या गिअरबॉक्सचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, अजून विकतचंच आहे. त्याचं ड्रॉइंग शनिवारी घेऊन येते. तर्री पोहे मी आणते, चहा तुमचा.

तुमची,
बग्गीवाली पोरगी