फिरणे टिकले ते किल्लीमुळे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्यालयात बसून काम करणाऱ्यांचा व्यायाम का टिकत नाही, यावरचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. लेखकाने सगळा भार इच्छाशक्तीवर टाकला आहे. मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत सव्वीस वर्षे खुर्चीत काढली. इच्छाशक्ती माझ्याकडे तीनदा पाहुणी म्हणून आली आणि तिन्ही वेळा चहा पिऊन निघून गेली. म्हणून लिहावेसे वाटले.

पहिल्यांदा ती रक्ताच्या रिपोर्टसोबत आली. उपाशीपोटीची साखर १४२. घाबरून दीड हजाराचे बूट घेतले आणि दसऱ्यापासून रोज बायपासपर्यंत जाऊ लागलो. तीन महिन्यांनी साखर ११८ निघाली. घरात सगळे खूश, मीही खूश. दुसऱ्याच आठवड्यात बूट दिवाणाखाली गेले. चालवत होती ती भीती. तीच उरली नाही, तर पाय कशाला उचलतील?

दुसऱ्यांदा कार्यालयात पावले मोजण्याची स्पर्धा लागली. महिनाभर रोज दहा हजार पावले, पहिले बक्षीस मिक्सर. हा दहा हजारांचा आकडा कुठून आला ते नंतर वाचले. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला आले, त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. दुकानदारीतला आकडा, पण बसला सगळ्यांच्या डोक्यात. आमच्या एका सहकाऱ्यांनी तर फोन नातवाच्या खिशात टाकला आणि त्याला अंगणात सोडून दिले. मिक्सर त्यांनाच मिळाला. स्पर्धा संपली त्या दिवशी सगळ्यांचे चालणेही संपले, नातू सोडून.

तिसरी वेळ २१ जूनची. २०१५ पासून दरवर्षी योग दिन होतो, फोटो वर पाठवावे लागतात. त्यासाठी घेतलेल्या चटया आता रेकॉर्ड रूममध्ये आहेत. डबा खाताना काढतो.

मग गेल्या मृगात क्रीडा संकुलाच्या चौकीदाराने मला रस्त्यात गाठले. आमच्याच गल्लीत राहतो, गावाबाहेर दोन एकर कोरडवाहू आहे. म्हणाला, “सायेब, पेरणीलोक किल्ली तुमच्यापाशी ठेवा. गेट उघडलं नाई त पोट्टे भितीवरून उड्या मारतेत. कोणाचा पाय मोडला त माह्या नावावर येते.” पंधरा दिवसांचा प्रश्न, मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी डोळे चोळत पावणेसहाला पोचलो, तर गेटसमोर अकरा पोरंपोरी उभी. पोलीस भरतीची तयारी करणारी. मुलांना १६०० मीटर पळायचे, मुलींना ८०० मीटर, वर गोळाफेक. सेकंद वाढले की गुण उतरतात. त्यातली एक मुलगी सहा किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकलने आलेली. तिच्या चपला कॅरियरला दोरीने बांधलेल्या, पायात पळायचे बूट तयार. मला कोणी काही बोलले नाही. तिने फक्त मोबाइलवर वेळ पाहिली आणि परत खिशात ठेवला. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले होते तेव्हा इतका ओशाळलो नव्हतो.

त्यानंतर गेट पाचला उघडू लागले. उघडून परत घरी जाऊन झोपणे बरे दिसेना, म्हणून फेऱ्या मारू लागलो. मग पोरांनी हातात स्टॉपवॉच दिले, “काका, टायमिंग घ्या.” आता मी आतल्या बाजूने चालत असतो आणि ती बाहेरून सुसाट जातात, मी सेकंद ओरडतो. पेरणी झाली, निंदण-डवरण झाले, कापूस घरात आला. चौकीदार किल्ली मागायला आला नाही, मीही द्यायला गेलो नाही. ते दीड हजाराचे बूट दिवाणाखालून निघाले आणि फाटेपर्यंत वापरले. साखरेचा आकडा या पत्रात मुद्दाम देत नाही, नाहीतर वाचणारे पुन्हा आकड्यावरच जातील.

माझे वडील आखाड्यात जायचे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. तिथले पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आले, हे वडील आपण स्वतः जाऊन आल्यासारखे सांगत. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे लाल माती होती. एक दिवस दांडी मारली तर वस्तादाने विचारण्याआधी जोडीदार दारात हजर, कारण त्याने कुस्ती धरायची कोणाशी? वडिलांच्या तोंडी इच्छाशक्ती हा शब्द मी कधी ऐकला नाही. आमच्या पिढीने व्यायाम एकेकट्याचा करून टाकला, आणि टिकत नाही म्हणून स्वतःलाच आळशी म्हणत बसलो.

दुसरी गोष्ट कामातल्या हालचालीची. लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसच्या चालक-वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पगारपाणी बरेचसे सारखे, गाडी एकच. पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिन्यावर वर-खाली. हृदयविकार चालकांमध्ये जास्त आढळला. त्या वाहकांना कोणी सुविचार ऐकवले नव्हते. तिकीट फाडायला वर जावेच लागे. आमच्याकडेही फार वर्षे झाली नाहीत, पीक पाहणीला तलाठी बांधाबांधाने हिंडत. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंद करतो. आमच्या शाखेत बिलाची फाइल काखेत मारून साहेबांच्या केबिनपर्यंत दिवसातून वीस चकरा व्हायच्या. आता माउस सरकतो. काम सोपे झाले, याची तक्रार नाही. पण त्या वीस चकरांच्या जागी काहीच आले नाही.

आता महिला कर्मचाऱ्यांचे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७. मी किल्लीची कथा रंगवून सांगत होतो तेव्हा आस्थापना शाखेतल्या मॅडमनी मला तिथेच थांबवले. “सर, पाचले मले गॅसपाशी उभं राहा लागते. तुमचं गेट माह्या काय कामाचं?” आमच्याकडे सकाळी पाचला संकुलाच्या रस्त्यावर खांब सहा आणि दिवे दोन. संध्याकाळी सव्वासहाला कार्यालय सुटते, मग बस. त्यात आमच्यातले निम्मे लोक जिल्ह्याहून अपडाऊन करतात (कागदोपत्री सगळे मुख्यालयी राहतात, तो विषय वेगळा). फेब्रुवारी २०२० पासून आठवडा पाच दिवसांचा झाला तेव्हा वाटले, शनिवार तरी मोकळा मिळेल. तो दळण, बाजार आणि शेतात जातो.

या मॅडमनी वाट काढली ती अशी. मधल्या सुट्टीत डबा झाला की त्या आणि आणखी तिघी इमारतीच्या लांब व्हरांड्यात वीस मिनिटे फिरतात. टोकाला पाण्याची टाकी, तिला हात लावून परत. पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी एकाने विचारलेच, “मॅडम, व्हरांड्याची मोजणी निघाली का?” त्यांनी त्यालाच टेप आणायला सांगितला. आता चारांच्या नऊ झाल्या आहेत आणि एखादी जागेवर बसून राहिली तर दुसरी येऊन तिच्या टेबलावर टकटक करते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. निदान दहा मिनिटे सलग हवीत, ही जुनी अट २०२० मध्ये त्यांनीच काढून टाकली. रोजची वीस मिनिटे आणि शिवाय बसस्टँडपर्यंतचे येणेजाणे धरले, तर या नऊ जणी १५० गाठतात.

चुकलेल्या दिवसांचीही धास्ती नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. एखादी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. आमच्याकडे पोळा असतो, मार्च एंड असतो, निवडणुकीची ड्युटी असते आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात रात्रभर वीज गेलेली असते. अशा दिवशी मी जात नाही. किल्ली मात्र शेजारच्या पोराच्या हाती गेटवर पोचते.

आपल्या पत्रातून संबंधितांना एवढेच सांगायचे आहे: व्यायामाचे महत्त्व सांगणारे आणखी एक परिपत्रक नको. संकुलाच्या फलकावरची सकाळी सातची वेळ पाच करा. नऊ पंचेचाळीसला कार्यालयात पोचायचे म्हणजे अपडाऊनवाला सातला बसस्टँडवर असतो. रस्त्यावरचे बंद चार दिवे लावा. आणि मधल्या सुट्टीतल्या त्या वीस मिनिटांत कोणी साहेबांनी बैठक बोलावू नये.

यंदा माझी बदली नक्की आहे. किल्ली कोणाला द्यायची, हा प्रश्न होता. भरतीची पोरं आज आहेत, उद्या कोण कुठे लागेल सांगता येत नाही. सायकलवाली मुलगी मैदानीत पास होऊन लेखीच्या अभ्यासाला लागली आहे. शेवटी आमच्या संगणक ऑपरेटरला विचारले. वय अठ्ठावीस, पोट माझ्यापेक्षा पुढे, आठच्या आत उठल्याचा इतिहास नाही. दोन दिवस टाळत होता. काल टेबलापाशी आला, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, “पण सर, पयले आठ दिवस पाऊणेपाचले फोन करत जा.”

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक वाचक