चांगल्या दिवसाचाही पंचनामा

वाळूज, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी सेकंड शिफ्ट करून नुकताच घरात शिरलो होतो, हाताचं ऑइलसुद्धा निघालं नव्हतं, आणि बायको म्हणाली आधी जेवा मग मोबाइल, म्हणून उत्तर राहिलं ते आज देतोय. दोन ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून एवढं लांबण लावतोय, चहा घेऊन बस.

तू लिहिलंस की तुमच्या डाळमिलमधे सहा नवीन पोरं घेतली, त्यांना तयार करायचं काम शेठनी तुझ्या गळ्यात घातलं आणि तू एक वही केलीस, त्यात रोजची चूक लिहायची, कुणाची ते लिहायचं आणि शनिवारी सगळ्यांसमोर वाचायची. लेका, वही चांगलीय पण अर्धीच आहे. हे मी ठासून सांगू शकतो कारण असलीच वही आमच्या कारखान्यात, पत्र्याचे पार्ट काढायच्या लाइनवर, मी स्वतः चार वर्षं चालवली.

आमच्याकडं शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं उभ्या-उभ्या मीटिंग असते. काल रिजेक्शन किती, म्हणजे बाद माल किती, कुणाच्या मशीनवर, का झालं, त्या का ला परत का, असं पाच वेळा, व्हाय-व्हाय म्हणतात त्याला. बोर्डावर माशाचा सांगाडा काढायचा आणि त्याच्या एकेका काट्यावर कारणं लिहायची, मॅन मशीन मटेरियल मेथड. यात वाईट काहीच नाही, मी आजपण करतो. पण व्हायचं काय की ज्याच्या मशीनचं नाव निघालं तो सेफ्टी शूजकडं बघत उभा राहायचा आणि बाकीचे मनात देव आठवायचे की आज आपण वाचलो. थोड्या दिवसांनी कळलं की बर आलेले, म्हणजे कडेला धारदार कुसळं राहिलेले पीस पोरं गुपचूप स्क्रॅपच्या बिनमधे तळाला सरकवतात. रजिस्टरमधला आकडा खाली आला म्हणून मी खुश, आणि भंगारवाल्याचा टेम्पो मात्र पहिल्यासारखाच भरून जातोय.

हे झालं चुकांचं. खरी गंमत पुढं आहे.

आमची एक १५० टनी प्रेस आहे, पत्रा दाबून पार्ट काढायचं मशीन. तिच्यावर डाय, म्हणजे पार्टचा साचा, बदलायची म्हणजे जुनी उतरवा, फोर्कलिफ्टनी नवीन आणा, बसवा, क्लॅम्प मारा, शट हाइट (प्रेस किती खाली यायची ती उंची) लावा, कॉइल (पत्र्याची गुंडाळी) ओवा, पहिला पीस क्वालिटीला दाखवा, त्यांनी ओके म्हटलं की मग चालू. पन्नास-पंचावन्न मिनिटं ठरलेली. एका रात्री नाइट शिफ्टनं हेच काम चोवीस मिनिटात केलं. चोवीस! सकाळच्या मीटिंगमधे मी काय केलं असेल? शाब्बास म्हणलो, टाळ्या वाजवल्या आणि उरलेली नऊ मिनिटं दुसऱ्या मशीनवरच्या चौदा पीसच्या रिजेक्शनवर घातली. चौदा पीसला पाच वेळा का, आणि अर्धा तास वाचला त्याला एकदा पण का नाही.

पुढं दोन-तीन आठवडे टाइम तिशीच्या आसपास राहिला, वरच्या साहेबांनी तो प्रेझेंटेशनमधे पण टाकला. मग आली येळवस, आपली वेळा अमावास्या. आमच्या नाइटला एक हेल्पर मामा आहेत, औशाकडचे, त्यांनी चार दिवस रजा टाकली. तुला माहितीय, आपल्या लातूर-धाराशिवच्या माणसाला येळवशीला शेतावर गेल्याशिवाय चैन पडत नाही आणि इथल्या लोकांना ते काय असतं तेच कळत नाही, रजेच्या अर्जावर मलाच समजावून सांगावं लागलं. तर मामा गेले आणि डाय चेंज परत बावन्न मिनिटांवर. आता मात्र बोर्डावर मासा निघाला, सगळे जमले, आणि कारण काय लिहिलं? 'ऑपरेटर स्किल'. म्हणजे कायच नाही लिहिलं.

मामा परत आले, स्टीलच्या डब्यात भज्जी आणि उंडे घेऊन, आंबील वाटंतच सांडली म्हणाले. खाता-खाता मी विचारलं, मामा, तुम्ही नसल्यावर टाइम का वाढतो हो? मामा म्हणले, "मी काय बी करत न्हाई साहेब." मग म्हणलो करून तर दाखवा. तर हा माणूस काय करायचा, जुन्या डायचा शेवटचा बिन भरत असतानाच पुढच्या डायचे बोल्ट एका घमेल्यात काढून ठेवायचा, लांब वेगळे आखूड वेगळे, डायखालची पॅकिंग तारेनं एकत्र बांधून ठेवायचा आणि शट हाइटच्या पट्टीवर प्रत्येक डायसाठी रेड ऑक्साइडची एक-एक बारीक रेघ मारलेली. मी रोज त्या प्रेसपुढून जातो बाळ्या, ती रेघ मला कधी दिसली नाही. का करता असं विचारलं तर म्हणले, "गुडघं दुखत्यात, सारखं सारखं वाकाया होत न्हाई."

जपानमधे शिगेओ शिंगो नावाचे इंजिनिअर होऊन गेले, त्यांची पद्धत आम्हाला ट्रेनिंगमधे शिकवतात. मशीन बंद करूनच करायची कामं वेगळी काढा, चालू असतानाच उरकता येतील ती वेगळी काढा, मुख्य मुद्दा एवढाच, आणि डाय दहा मिनिटांच्या आत बदलली पाहिजे. टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसवर चार तास लागायचे ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. आमच्या हॉलमधे त्याचं पोस्टर लावलंय. आणि त्या पोस्टरपासून वीस फुटावर मामा गुडघ्यापायी तेच करत होते, आणि मी टाळ्या वाजवून पुढं गेलो होतो.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त डेंजर आहे. एकदा अर्जंट डिस्पॅच होता, क्वालिटीवाला जेवायला गेलेला, पोरांनी पहिला पीस न दाखवताच लाइन चालू केली. माल चांगला निघाला, गाडी वेळेत गेली, सगळ्यांना वडापाव. पुढच्या महिन्यात परत तसंच केलं आणि कॉइलची जाडी जराशी वेगळी निघाली, सहाशे पीसला तडे. मी पोरांवर लई ओरडलो, नंतर रात्री पडल्या-पडल्या डोक्यात आलं की पहिला पीस नाही दाखवला तरी चालतं हे यांना शिकवलं कुणी? त्या वडापावनं. म्हणजे मीच की. पहिल्या वेळी कॉइल बरी होती म्हणून निभावलं आणि आम्ही त्याला हुशारी समजलो.

यावर अभ्यास पण झालाय बरं का, मी आपला अनुभवच रेटत नाही. इस्राईलमधले एलिस आणि डेव्हिडी, त्यांचा २००५ चा पेपर आहे. सैनिक नकाशा घेऊन रस्ता शोधायचा सराव करायचे, एका गटाला सरावानंतर फक्त चुकांवर बोलायला लावलं, दुसऱ्याला चुका पण आणि जमलेलं पण. दुसरा गट पुढं जास्त सुधारला. आणि सुरवातीला असं होतं की फसलेल्या सरावाबद्दल लोकांच्या डोक्यात कारणांचा मोठा गुंता तयार असतो, जमलेल्याबद्दल फारसं काही नसतं. जमलं, झालं, चला. अमेरिकन आर्मीनं पण सत्तरच्या दशकापासून सरावानंतर बसून बोलायची पद्धत लावलीय, काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, आता पुढं काय, आणि त्यात शिपाई साहेबासमोर बोलू शकतो. हे शेवटचं आपल्याकडं सगळ्यात अवघड, तुझा शेठ बसला असेल तर पोरगं तोंड उघडणार का?

२०१६ आठव. लातूर का कोरडं पडलं यावर आपल्या गल्लीतलं शेंबडं पोर पण भाषण देईल. पण मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते जमलं कसं, हे कुणी सांगतं का? तेलाचे वॅगन कोट्याला वाफेनं धुवून आणले, पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली दहा वॅगनची, पाच लाख लिटर, आणि त्याच महिन्यात पन्नास वॅगनची यायला लागली, पंचवीस लाख. स्टेशनवर उतरवून घ्यायचं, शुद्ध करायचं, टँकर फिरवायचे, किती खात्यांची माणसं एका ताळ्यावर आली असतील. मी तेव्हा घागरी घेऊन लाइनीत होतो आणि मला पण एवढंच माहितीय, ते पण पेपरातलं. असो, भरकटलो.

तर तुझ्या वहीचं. चुका लिही, पण नाव काढून टाक, मशीन लिही वेळ लिही. आणि डाव्या पानावर जमलेलं लिही, त्यालाही तेवढेच का विचार. नुसतं कौतुक करू नको, कौतुकानं पोरं लाजतात आणि विषय संपतो. पंचनामा कर. त्यातलं आपण काय केलं आणि नशिबानं काय झालं, हे वेगळं काढ. आणि पोराला 'तू काय केलंस' विचारलं की ते कायच नाही म्हणणार, मामासारखं, कारण त्याला ते काम वाटतच नाही. म्हणून विचारू नको, करून दाखव म्हण आणि शेजारी उभा राहून बघ.

तू मागं म्हणला होतास की एका बुधवारी तुकडा (फुटकी डाळ) लई कमी निघाला, उतारा (तुरीमागं निघणारी डाळ) चांगला बसला आणि शेठनी पेढे वाटले. मला सांग, त्या दिवशी तुरीला तेलपाणी लावायला कोण होतं? तूर उन्हात किती वेळ होती? आदल्या दिवशी टरफल काढायचा एमरी रोल कुणी बघितला होता का? की मालच चांगला आला होता आणि तुम्ही फुकटचे पेढे खाल्ले? हे जोवर सांगता येत नाही तोवर त्या पोरांना शिकवणार काय तू, डाळीची चुनी, म्हणजे चुरा, कशी करू नये एवढंच?

वहिनीला नमस्कार, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का ते कळव. मामांनी यंदा येळवशीला शेतावर बोलवलंय, मी जाणार आहे, लातूरहून तुला तासभर पण लागणार नाही, ये.

तुझाच,
गंप्या

ता.क. ते घमेलं आता कमरेएवढ्या उंचीच्या ट्रॉलीवर आलंय, मेंटेनन्सच्या पोरांनी भंगारातल्या अँगलची बनवली. मामांनी दोन मिनिटं नुसती इकडून तिकडं ढकलून बघितली आणि म्हणले, चाकाला ग्रीस कोण लावणार ते बी लिवून ठेवा.