बार्थेलमध्ये पंच्याऐंशी, घरच्या संडासात शून्य: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय: ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसाहित्य आणि क्लिनिकल रीझनिंगचे (पेशंट पाहून विचारपूर्वक उपचार ठरवण्याचे) शिक्षण

महोदय,
सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयात रीतसर देत आहोत. मराठी मजकूर इंदूरच्या मराठी घरांसाठी आहे. या घरांतली मुले बी.ओ.टी. (ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे आजारानंतर वा इजेनंतर जेवण, आंघोळ, काम पुन्हा जमावे यासाठीच्या उपचाराची पदवी) करायला नागपूर-मुंबईला जातात, आणि याच घरांतल्या आजी-आजोबांना उद्या त्यांच्याकडे उपचाराला यावे लागते.

मागणी एका वाक्यात सांगायची तर अशी: यंत्रे आणि स्मार्ट बोर्ड घेण्याआधी विद्यार्थ्याला विचार कसा करायचा हे शिकवणारे साहित्य तयार करा, आणि ते इथल्या घरांवरून तयार करा. म्हणजे काय, ते एका नमुन्यावरून स्पष्ट करतो.

साठीची गृहिणी, उजव्या अंगाचा अर्धांगवायू, झटक्याला सहा आठवडे झालेले. काठी घेऊन चालते. वॉर्डात बार्थेल इंडेक्स भरला. रोजची कामे स्वतःची स्वतः किती जमतात हे मोजणारा, दहा बाबींचा, शंभर गुणांचा हा तक्ता जगभर वापरतात. लघवी-शौचावर ताबा आहे, म्हणून १० आणि १०. कमोडवर एकटी जाते, १०. खुर्चीतून पलंगावर, १५. सपाटीवर चालणे, १५. आंघोळ आणि केस-दात, ५ आणि ५. जेवण, कपडे आणि जिना थोड्या मदतीने, प्रत्येकी ५. बेरीज ८५. फाइलवर ‘बहुतांशी स्वावलंबी’ असा शेरा पडतो आणि सुट्टी होते.

घरी संडास देशी आहे. उकिडवे बसायला गुडघे आणि घोटे पुरते वाकावे लागतात, आणि उठताना सगळा भार एका पायावर येतो. झोपायची गादी जमिनीवर. जमिनीवरून उठणे बार्थेलमध्ये कुठेच नाही. त्यात खुर्ची आणि पलंगच आहे. म्हणजे ८५ गुणांची बाई घरी पहिल्याच सकाळी अडकते. तक्ता खोटा नाही. तो ज्या घरासाठी बनला ते घर वेगळे आहे, एवढेच. विद्यार्थ्याला गुण द्यायला शिकवले जाते. या तक्त्याने काय विचारले नाही हे शोधायला शिकवले जात नाही.

आता तिचे जेवण. पोळीचा घास एका हाताने तोडता येत नाही, अशी तिची तक्रार. सरासरी विद्यार्थी लिहितो: ‘हाताची ताकद कमी, स्पंजचा चेंडू दाबणे, दिवसातून तीन वेळा.’ इथेच शिक्षण फसलेले दिसते. पोळी तोडताना मधले बोट, अनामिका आणि करंगळी पोळी ताटावर दाबून धरतात. अंगठा आणि तर्जनी घास ओढून काढतात. एकाच पंजाच्या दोन बाजू एकाच वेळी दोन वेगळी कामे करतात, आणि मनगट साधारण २० ते ३० अंश मागे वाकलेले राहावे लागते. या पेशंटची पाचही बोटे एकदम मिटतात आणि मनगट खाली पडते. मिटणे तिला येतेच. उघडणे आणि बोटे वेगळी चालवणे येत नाही. चेंडू दाबल्याने ताठरपणा वाढतो की नाही हा वाद बाजूला ठेवा. जे येते आहे त्याचाच सराव देऊन जे येत नाही ते कसे येणार?

नीट विचार केलेला आराखडा वेगळा निघतो. काठाची थाळी घ्यायची आणि ती सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल घालायचा. सुरुवातीला पोळी आधीच अर्धी फाडलेली द्यायची. मनगटाला आधार देऊन दोन बोटांनी मऊ घडीच्या पोळीचा पदर ओढायला लावायचे. ते जमले की भाकरी. वरणभात कालवणे त्याच्याही नंतर, कारण भात गोळा करायला बोटांची टोके एकत्र यावी लागतात आणि लगेच सुटावीही लागतात.

आणि डाव्या हाताने जेवायला शिकवायचे का? पुस्तकी उत्तर सोपे आहे: धड हात वापरा. पण आपल्याकडे डावा हात शौचाला आणि उजवा ताटाला. उजवी बाजू गेली तर जेवणाचा प्रश्न, डावी गेली तर धुण्याचा. दोन्ही वेळा उरलेल्या एकाच हाताने दोन्ही कामे करायची वेळ येते. बरेच पेशंट हे तोंडाने बोलत नाहीत, फक्त जेवण कमी करतात. अशा वेळी हँड शॉवर कुठल्या बाजूला लावायचा, साबण कुठे ठेवायचा आणि चमचा चालेल का, हे घरच्यांसमोर पण पेशंटलाच विचारून ठरवावे लागते. हा संवादही रीझनिंगचाच भाग आहे. त्याला परीक्षेत एक गुणही नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण १९५० साली सुरू केले. १९५२ साली ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. तरी वर्गात फिरणाऱ्या पुस्तकांत जेवण म्हणजे काटा-चमचा, आंघोळ म्हणजे टब आणि स्वयंपाक म्हणजे ओव्हन. आपल्या शासनाने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एम.बी.बी.एस.ची पहिली हिंदी पुस्तके काढली, याचे स्वागतच आहे. पण हाच मार्ग आमच्या विषयाला जसाच्या तसा लागू करू नये. शरीररचना सगळीकडे सारखी असते, न्हाणीघर नसते. अमेरिकन पुस्तक हिंदीत आणले तर बाथटबच हिंदीत येईल.

म्हणून पहिली मागणी एका खोलीची. इंदूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या एम.वाय. रुग्णालयाच्या परिसरात ‘घराची खोली’ करा. जमिनीवर गादी, पाट, ४५ सेंमीचा स्टूल. ८० ते ८५ सेंमी उंचीचा ओटा, दोन शेगड्यांचा गॅस, पोळपाट-लाटणे, विळी. एक देशी संडास आणि शेजारी कमोड. देशी भांड्यावर ठेवायची भोक असलेली खुर्ची. आत उघडणारे दार मुद्दाम ठेवा: आत माणूस पडला की दार उघडत नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः ढकलून पाहिले पाहिजे. वीस लिटरची बादली आणि मग. भरलेली बादली वीस किलोची होते आणि एका हाताने ती सरकवता येत नाही. मग नळाखाली बसायचे की अर्धी बादली भरायची, याचा निर्णय तिथेच होतो. भिंतीला साडेतीन-चार सेंमी जाडीचे पकडदांडे, उंची बदलता येतील असे. चोखणीने (सक्शनने) चिकटणारे दांडे आणू नयेत. टाइलवर ते चार दिवस टिकतात आणि नेमके भार पडला की सुटतात. यातल्या बहुतेक वस्तू बर्तन बाजार आणि सियागंजात मिळतात. परदेशी निविदेची गरज नाही.

खोलीच्या दाराशी १५ सेंमीच्या तीन सुट्ट्या पायऱ्या ठेवा, म्हणजे ४५ सेंमीचा ओटला (दारापुढचा चौथरा) तयार होतो. रॅम्पचा नियम सगळ्यांना पाठ असतो: एकास बारा. ४५ सेंमीला ५ मीटर ४० सेंमी लांबी लागते. राजवाड्यामागच्या गल्लीत एवढा रॅम्प केला तर तो समोरच्याच्या दारात जाईल. शिवाय काठी घेऊन चालणाऱ्या अर्धांगाच्या पेशंटला उतारापेक्षा कठडा असलेल्या बुटक्या पायऱ्या बऱ्याचदा सोप्या जातात, कारण उतारावर कमजोर घोटा सावरत नाही. कठडा मात्र दोन्ही बाजूंना हवा. एकाच बाजूला लावला तर चढताना तो धड हाताकडे येतो आणि उतरताना लुळ्या हाताकडे. व्हीलचेअर असेल तर हे सगळे गणित बदलते. हे बदलणे शिकवायचे आहे, आकडा नव्हे.

दुसरी मागणी केस-बँकेची, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. अनुभवी थेरपिस्ट पेशंट पाहताना काय विचार करतो ते बाहेर दिसत नाही. विद्यार्थ्याला फक्त त्याचे हात दिसतात. म्हणून तीन ते पाच मिनिटांची चित्रफीत आणि तिच्यावर थेरपिस्टच्या आवाजात: मला आधी काय वाटले, कशामुळे मत बदलले, काय मुद्दाम केले नाही. पहिल्या वर्षी चाळीस केसेस पुरेत, पण त्या माळव्यातल्या हव्यात. त्यांत पीथमपूरच्या कारखान्यात प्रेसखाली आलेला हात हवा, सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये गेलेली बोटे हवीत. सेरेब्रल पाल्सीचे मूल, भाजलेली सून, स्किझोफ्रेनियानंतर दुकानावर परत बसू पाहणारा मुलगा, हेही हवेत.

आणि बिघडलेल्या केसेस हव्याच. हाताच्या तळव्याकडच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) शिवल्यावर मागून रोखणारा स्प्लिंट (हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा साचा) देतात. मनगट किती, बोटांची मुळे किती वाकवायची, हे अंश विद्यार्थी घडाघडा सांगतो. पण शिवण पहिल्या दोन आठवड्यांत आणखी मऊ पडते आणि दुखणे मात्र तोवर कमी झालेले असते. तरुण कामगाराला वाटते हात बरा झाला. तो स्प्लिंट काढून मोटरसायकलचा क्लच दाबतो आणि शिवण तुटते. ‘तू इथवर येतोस कसा?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता तर कळले असते. विद्यार्थ्याच्या फॉर्मवर तो प्रश्न नाही. जड कामाला साधारण बारा आठवडे थांबावे लागते. तोवर घर कसे चालणार हे विचारल्याशिवाय दिलेली सूचना पाळली जात नाही.

या चित्रफितींसाठी पेशंटची संमती लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या चौकटीत, हिंदीबरोबर माळवी-निमाडीत वाचून दाखवलेली संमती घ्यावी, चेहरा झाकावा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या उपचारात फरक पडणार नाही हे लिहून द्यावे. बँक जबलपूरच्या आयुर्विज्ञान विद्यापीठाने सांभाळावी आणि सर्वांना मोफत खुली ठेवावी. निरक्षर वृद्धांसाठी हरियाणातल्या बल्लभगडमध्ये बेतलेली हिंदी मानसिक चाचणी ही आपल्या देशात काय करता येते याचा चांगला दाखला आहे. शाळेत न गेलेल्या बाईला अंकगणित घालून तिची स्मृती मोजू नये, एवढे तिच्या कर्त्यांनी ओळखले.

स्प्लिंटच्या साहित्याबद्दल थोडक्यात. कमी तापमानाला मऊ होणारे प्लॅस्टिक महाग, म्हणून एका तुकड्यावर चार-पाच जण शिकतात आणि कापतो एकच. बाकीच्यांनी कागदी नमुना तरी स्वतः काढावा. चुका ठरलेल्या असतात: पुढची कड तळव्याच्या रेषेपुढे गेली की बोटे मिटत नाहीत, करंगळीकडच्या मनगटाच्या हाडावर जागा सोडली नाही की जखम होते, मनगटामागच्या भागाची लांबी मनगट ते कोपर अंतराच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी ठेवली की सगळा दाब एका जागी येतो. वीस-तीस मिनिटे घालून काढायचा, आणि लाली पुढच्या वीस मिनिटांत गेली नाही तर परत गरम करून सुधारायचा. मे महिन्यात उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेला स्प्लिंट आपोआप वाकतो, हे पेशंटला सांगायची सवयही इथेच लावावी. दर विद्यार्थ्यामागे निदान दोन पूर्ण स्प्लिंटचे साहित्य मंजूर करा.

आता तास आणि परीक्षा. जागतिक महासंघ किमान १००० तासांचा प्रत्यक्ष सराव मागतो. तास भरतात, लॉगबुकात तारीख, निदान, सही. विचार कुठेच नाही. दर आठवड्याला एका केसवर एक पान पुरे: काय दिसले, त्याचे कारण काय वाटते, दुसरे कारण काय असू शकेल, काय दिसले तर मी मत बदलेन, आणि पेशंटला स्वतःला काय हवे आहे. पर्यवेक्षकाने त्यावर शेरा लिहायचा, नुसती सही नको. यासाठी एका पर्यवेक्षकाकडे चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत आणि आठवड्यातला अर्धा तास ओपीडीतून मोकळा हवा. हा अर्धा तास ड्यूटीत धरला नाही तर वरच्या सगळ्या मागण्या कागदावर राहतील, हे आम्ही खात्रीने सांगतो.

तोंडी परीक्षेत न पाहिलेला पेशंट द्या, वीस मिनिटे द्या. मग परीक्षकाने एकच गोष्ट बदलावी: ‘घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.’ किंवा ‘सून नोकरी करते, दिवसा घरी कोणी नसते.’ आराखडा कसा हलतो, त्यावर गुण.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑक्युपेशनल थेरपीसह संलग्न आरोग्य व्यवसायांचा आयोग आला आणि राज्य परिषदांची जबाबदारी राज्यांवर आली. राज्याच्या निकषांत वरची खोली, केस-बँक आणि पर्यवेक्षणाचा अर्धा तास शब्दशः लिहून घ्या. ‘पुरेशी साधने असावीत’ असे वाक्य आले की तपासणीच्या दिवशी भाड्याने आणलेली साधनेही पुरेशी ठरतात.

खोलीचा नकाशा, वस्तूंची यादी आणि पहिल्या दहा केसेसचे लिखित मसुदे आम्ही विनामूल्य देऊ. आपल्याकडून जागा, एक सुतार, एक प्लंबर आणि विद्यापीठाच्या नावे एक आदेश हवा. आदेश पुढच्या सत्राच्या प्रवेशाआधी निघाला तर पहिली तुकडी त्याच वर्षी खोलीत उतरू शकेल.

कळावे,
आपले नम्र,
इंदूरमधील काही ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि शिक्षक