वॉकरची बुचं बदलून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या पडवीतल्या 2 व्हीलचेअर, 5 वॉकर, 3 कमोड खुर्च्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून घालायची ती हवेची गादी सोलापुरातल्या कुणालाही वापरायला मिळते, आपल्या चर्चच्या मंडळीतला असो वा नसो, आणि तीही अनामत न घेता. त्याबद्दल पंचांकडून हे आभाराचं पत्र.

अनामत नको, हा तुमचा आग्रह बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायातला आहे: गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत करावं. विडी वळणाऱ्या घराला हजार रुपये आधी भरा म्हटलं की माणूस वस्तू मागायलाच येत नाही, आणि म्हातारी भिंत धरून न्हाणीत जाते.

वॉकर देण्याआधी तुम्ही तो उलटा करून चारही पाय बघता. रबरी बूच झिजून आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलं, की ओल्या शहाबादी फरशीवर तो घसरतोच. माणसाला ताठ उभं करून, हात सैल सोडायला लावून, वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत आणता. एक पाय जरी उंचीच्या वेगळ्या भोकात अडकला तरी वॉकर डुलतो, आणि दोष गुडघ्याला दिला जातो.

हवेच्या गादीसाठी तर तुम्ही अर्धा तास त्या घरी बसता. ती नेहमीच्या गादीवर घालायची, वर एकच पातळ सुती कापड. आपल्याकडे हात आपोआप जाड सोलापुरी चादरीकडे जातो, तीही दुहेरी घडीची! मग हवेचे कप्पे आळीपाळीने फुगतात-बसतात ते अंगाला पोचत नाही, आणि घामाने कातडी ओली राहते. गादीखालून कमरेच्या जागी हात घालून बघायचा. हात आणि अंग यांच्यामध्ये इंचभर हवा राहिली पाहिजे. पंप 24 तास चालू. आणि गादी असली तरी दर 2 तासांनी कूस बदलायचीच, हे तुम्ही तीनदा सांगता ते बरं करता.

परत आलेली वस्तू धुण्याची तुमची रीत आता आम्ही भिंतीवर लिहून लावली आहे: 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) 1 भाग, पाणी 9 भाग, 10 मिनिटं, मग साध्या पाण्याने पुसणं, नाहीतर नळ्या गंजतात. संडासाच्या ॲसिडात ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

महिन्याने फोन करून तुम्ही "परत कधी देता?" असं विचारत नाही, "अजून लागतेय ना? नीट चालतेय ना?" असं विचारता. ज्या घरातलं माणूस गेलं, तिथली खुर्ची तुम्ही स्वतः जाऊन आणता, कारण ती उचलायचं बळ त्या घरात कुणाला नसतं. या एका गोष्टीसाठी तुमचे किती आभार मानावेत!

मोडकी खुर्ची "चर्चला देऊन टाकू" म्हणणाऱ्यांना तुम्ही नको म्हणता, तेही योग्यच. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा असं बायबलमधला बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला, ते फाटका काढून टाकण्यासाठी नव्हे.

रविवारी उपासनेनंतर तरुण संघातले दोघे तुमच्याकडे येतील. व्हीलचेअरची ट्यूब त्यांच्याच हातून बदलून घ्या. टायरमध्ये हवा कमी असली की ब्रेकही धरत नाही, हे त्यांना दाखवा. बुचांची पिशवी आणि हवेचा पंप त्यांच्यासोबत पाठवतो आहोत, खर्च दानार्पणातून.

तुमचे,
मंडळीचे पंच