पुरावा तुमच्याच जिन्याखाली आहे, मंत्रिमहोदय

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय: माझ्या आत्याचे 43 फोटो.

आपण कामात असता, म्हणून थोडक्यात लिहायचे ठरवले होते. जमेलसे दिसत नाही.

माझी आत्या 84 वर्षांची आहे. कोल्हापुरात जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओत शूटिंगची रेलचेल होती, तेव्हा ती तमाशापटांत नाचायची. नायिकेच्या मागे चौघीजणी असतात ना, त्यातली डावीकडून दुसरी. पडद्यावरच्या नावांच्या पाटीवर या बायकांची नावे येत नसत. फार तर 'आणि इतर'. आत्या बावीस वर्षे 'आणि इतर' होती.

गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयाने ज्येष्ठ कलावंतांचा सत्कार केला. (कार्यालयाचे नाव लिहीत नाही. लिहिले तर शिपायाची बदली होईल, साहेबांची नाही.) शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्हावर नाव दुसऱ्याच बाईचे. तेही चालवून घेतले असते. पण तिथे एका साहेबांनी माइकवरून जाहीर केले की जुन्या चित्रपटांचे कायमचे दालन होणार आहे, घरातले फोटो द्या, स्कॅन करून महिन्याभरात परत करतो. आत्याने पत्र्याची ट्रंक उपसली. तालमीचे, मेकअपचे, सेटवरच्या पंगतीचे असे मोजून 43 फोटो दिले. मी पावती मागितली तर साहेब आत्याकडे बघून हसले, "आजी, सरकारवर विश्वास नाही व्हय?"

चौदा महिने झाले. मी सात हेलपाटे घातले, आठही असतील. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला तिसरा मजला आणि बंद लिफ्ट म्हणजे काय, ते आपल्याला कळायचे कारण नाही. रिक्षाचे 1,900 रुपये वहीत मांडून ठेवलेत. शेवटी परवाच्या सोमवारी शिपायालाच दया आली आणि त्याने जिन्याखालची खोली उघडली. पावसाळ्यात तिथे पाणी शिरले होते. 43 फोटोंची मिळून एक वीट झाली होती. वरचा तेवढा सुटला, तोही अर्धा. त्यात आत्याचे पाय आहेत, चाळ बांधलेले.

आता गंमत ऐका. आत्याने मानधनाचा अर्ज केला होता. वृद्ध कलावंतांना महिना 5,000 मिळतात, म्हणजे दिवसाला 166 रुपये, तेही मिळाले तर. अर्ज परत आला. शेरा: 'कलाक्षेत्रातील कार्याचे पुरावे जोडलेले नाहीत.' म्हणजे एका टेबलाने पुरावा नेऊन कुजवला आणि दुसरे टेबल पुरावा मागते. दोन टेबलांमध्ये जिन्याच्या वीस पायऱ्या असतील.

तिथला बाबू म्हणाला, "मग ते पिक्चरच आणून दाखवा की." कुठून आणू? बाबुराव पेंटरांचा 1925 चा 'सावकारी पाश' आणता येईल का आपल्याला? तरणे व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाले होते, एवढे सगळे सांगतात, पण बघायला प्रत नाही. 1931 चा 'आलम आरा', देशाचा पहिला बोलपट, त्याचीही नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी दोनच उरली. मूकपटांच्या जमान्यात देशात हजारावर चित्रपट निघाले, हाती राहिले तीसेक, त्यातही तुकडेच जास्त. 2003 च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या जुन्या, भडका घेणाऱ्या फिल्मना आग लागली, त्यात प्रभात फिल्म कंपनीचाही ठेवा गेला. नायट्रेट पेटले की पाण्यातही विझत नाही. नंतरची ॲसिटेटची फिल्म तशी पेटत नाही, ती आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. तिला थंड, कोरडी खोली लागते. मंत्र्यांच्या दालनातला एसी काढून फिल्मच्या गोदामाला लावा, एवढेच मागणे आहे. घाम आपल्याला येईल, पण आपण आंबणार नाही.

हे मला कसे ठाऊक? मी 31 वर्षे थिएटरात प्रोजेक्टरचा ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या जाळून पडदा उजळला आणि त्या धुराने छाती भरून घेतली. मग झेनॉनचा दिवा आला, मग डिजिटल आले आणि मालकाने मला एका शनिवारी 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितले. ग्रॅच्युइटीचे नाव नाही. माझा सत्कार कुणी केला नाही, करूही नये, माझ्याही वस्तू तुमच्या जिन्याखाली जायच्या. फेरीवाले जुन्या प्रिंटा किलोवर न्यायचे, फिल्म धुऊन चांदी काढायचे. मी स्वतः वजनाला उभा राहिलोय. ते पाप माझेही आहे. पण मला शंभर-दीडशे रुपये पगार होता, आणि सरकारचे एक अख्खे खाते होते.

आणि आपण करता काय? घोषणा. कोल्हापूर म्हणजे कलापूर, हे भाषणात म्हणायला पैसे पडत नाहीत. भालजी पेंढारकरांनी 1948 च्या जाळपोळीत राख झालेली जयप्रभा पुन्हा उभी केली. त्याच जयप्रभेच्या विक्रीची बातमी 2022 मध्ये फुटली, तेव्हा गावाला आंदोलन करावे लागले. शालिनी सिनेटोनचे नाव आता प्लॉटांच्या भांडणातच निघते. शाहू महाराजांनी बांधलेले नाट्यगृह, ज्याला केशवराव भोसल्यांचे नाव, ते 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळाले. सगळे पुढारी दुसऱ्या दिवशी हजर. फोटो मात्र छान आले होते, कुणाचेही चिकटले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठी अभिजात झाली. पेढे वाटले, मीही खाल्ला.

दादासाहेब फाळके 1944 मध्ये नाशकात विपन्नावस्थेत गेले. 1969 पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार द्यायला लागले. नट भगवानदादांचा जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, ते 2002 मध्ये दादरच्या चाळीत वारले. ज्यांच्या तालावर सगळा देश नाचला त्यांची ही गत, तर डावीकडून दुसरीला कोण विचारतो! पण पुरस्काराच्या रात्री नाचायला येणाऱ्या नट्यांची बिले वेळेवर निघतात. तिथे कुणी विचारत नाही की बाई, पुरावा दाखवा.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. आत्याचा अर्ज फोटोंशिवाय मंजूर करा. तिच्यासोबत नाचलेल्या दोघी अजून हयात आहेत, त्यांची साक्ष घ्या, पण लवकर घ्या. फोटोंची ती वीट एखाद्या जाणकाराकडे पाठवा. आणि यापुढे कुणाच्या घरातून काही न्याल तर पावती द्या, दोन रुपयांची असली तरी चालेल.

एक गोष्ट कार्यालयात सांगितलेली नाही. प्रिंट तुटली की जोडताना दोन-चार फ्रेमा कापाव्या लागतात. आत्याच्या गाण्याचे रीळ माझ्या मशीनवर तुटले होते. खरे तर एकदाच तुटले होते, नंतर दोनदा मी मुद्दाम कापले. अशा चौदा फ्रेमा बूटपॉलिशच्या डबीत आहेत. उजेडासमोर धरले की डावीकडून दुसरी स्पष्ट दिसते. ती डबी मी तुमच्या कार्यालयात आणणार नाही. बघायची असेल तर आपण घरी या. पावतीपुस्तक घेऊन या.

आपला,
कोल्हापूरचा एक निवृत्त ऑपरेटर